आत्मानुभव: साधना निवडताना आणि करताना

आत्मसाक्षात्कार म्हणजे ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर ऐकीव न राहता स्वतःच्या अनुभवात पक्के होणे. उपनिषदांपासून संतवाङ्मयापर्यंत या एका गोष्टीवर इतके लिहिले गेले आहे, की नव्या साधकाची अडचण माहितीच्या अभावाची राहत नाही, निवडीची होते. वाचकांचे नेहमीचे प्रश्न साधारण असे असतात:

- ध्यानात प्रकाश दिसला किंवा नाद ऐकू आला, तर तो साक्षात्कार समजायचा का?
- नामस्मरण करायचे, ध्यानाला बसायचे की वेदान्त वाचायचा?
- गुरूवाचून भागते का? आणि गुरू खरा की खोटा, हे कसे ओळखायचे?
- संसार, नोकरी सांभाळून हे जमते का?
- प्रगती होते आहे की नाही, हे कशावरून कळते?

या लेखातील विवेचन मुख्यतः अद्वैत परंपरेच्या अंगाने केले आहे. रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांच्या परंपरांत जीव आणि ईश्वर यांचे नाते वेगळ्या पद्धतीने मांडले जाते. त्या परंपरांत दीक्षा घेतलेल्यांनी आपल्या गुरूंचा उपदेशच प्रमाण मानावा.

आधी हा फरक लक्षात घ्या

साधनेतले बहुतेक गोंधळ एका गैरसमजातून निघतात. आत्मा ही आज ना उद्या दिसणारी एखादी वस्तू आहे, असे साधक धरून चालतो. अद्वैताचे म्हणणे असे की जे दिसते, ऐकू येते, जाणवते ते सगळे ‘दृश्य’, आणि ज्याला ते कळते तो ‘द्रष्टा’. ध्यानातला प्रकाश हाही दृश्यच. तो आला आणि गेला. येताना आणि जाताना त्याला जाणणारा मात्र तिथेच होता. शोध त्या जाणणाऱ्याचा आहे.

विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त यासाठी दहाव्याची गोष्ट वापरली आहे. दहा जण नदी ओलांडतात. पलीकडे गेल्यावर जो तो स्वतःला सोडून मोजतो आणि नऊच भरतात. दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटसरू सांगतो, ‘दहावा जिवंत आहे.’ त्यावर विश्वास बसला की जे होते ते परोक्ष ज्ञान. मग तो मोजणाऱ्याकडेच बोट दाखवून म्हणतो, ‘दहावा तूच.’ हे अपरोक्ष ज्ञान. दहावा नव्याने सापडलेला नसतो. फक्त मोजणीतली चूक दुरुस्त झालेली असते.

यातून निवडीसाठी एक साधा नियम मिळतो. जी साधना नवनव्या अनुभवांची ओढ वाढवते ती लांबची वाट, आणि जी अनुभव घेणाऱ्याकडे लक्ष वळवते ती जवळची.

पूर्वतयारी: चार गोष्टी तपासा

शांकर परंपरेत साधनचतुष्टय सांगितले आहे. त्याकडे प्रवेशपरीक्षा म्हणून पाहू नये. आपली बाजू कुठे लंगडी आहे ते कळावे, एवढाच त्याचा उपयोग.

- विवेक: टिकणारे काय आणि बदलणारे काय, हे वेगळे करता येणे.
- वैराग्य: भोगाच्या मागे धावण्याची सवय ओसरणे. वस्तू टाकून देणे असा याचा अर्थ नाही.
- शमादी षट्कसंपत्ती: शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान. थोडक्यात, मन व इंद्रिये हाताबाहेर न जाणे आणि लहानसहान त्रास कुरकुर न करता सोसता येणे.
- मुमुक्षुत्व: सुटण्याची खरी तळमळ. कुतूहल आणि तळमळ यांत फरक आहे. कुतूहल दोन पुस्तकांत शमते.

ज्याचा राग, व्यसन किंवा देणीघेणी हाताबाहेर गेली आहेत, त्याने आधी ती मार्गी लावावीत. आहार, झोप आणि कामकाज बेताचे ठेवण्याचा गीतेच्या ६ व्या अध्यायातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडतो. अति उपास आणि अति जागरण करणाऱ्याला ध्यान साधत नाही.

मार्ग निवडताना

पुढील चार मार्ग एकमेकांच्या विरोधात नाहीत. मुख्य साधना मात्र एकच ठेवावी आणि बाकीच्या तिला पूरक असाव्यात.

१. श्रवण, मनन, निदिध्यासन. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हा क्रम सांगतात. जाणकाराकडून ग्रंथ रीतसर ऐकणे, शंका फिटेपर्यंत विचार करणे आणि ठरलेल्या निष्कर्षात मुरणे, असे हे तीन टप्पे आहेत. ज्यांची बुद्धी ‘का?’ विचारल्याशिवाय राहत नाही, त्यांना हा मार्ग मानवतो. धोका एकच: साधक पहिल्या टप्प्यावरच रेंगाळतो आणि श्रोता म्हणून म्हातारा होतो.

२. आत्मविचार. रमण महर्षींनी (१८७९–१९५०) ही पद्धत अगदी सुटसुटीत केली. १८९६ साली, वयाच्या १६ व्या वर्षी, मदुराईतील घरात त्यांना अचानक मृत्यूचे भय वाटले. शरीर मेले तर ‘मी’ मरतो का, याचा त्यांनी तिथेच आडवे पडून शोध घेतला. काही आठवड्यांत ते तिरुवण्णामलैला गेले आणि अखेरपर्यंत अरुणाचलाच्या परिसरातच राहिले. विचार उठला की ‘हा कोणाला आला?’ असे पाहायचे, उत्तर ‘मला’ असे येते, मग त्या ‘मी’चे मूळ धुंडायचे, ही त्यांची रीत. ‘मी कोण?’ हा जपायचा मंत्र नाही आणि त्याचे शब्दांत उत्तरही द्यायचे नाही. हे जमत नसेल तर संपूर्ण शरणागतीचा मार्ग धरावा, असेही ते सांगत.

३. ‘मी आहे’ या जाणिवेवर राहणे. इंचगिरी संप्रदायातील सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मुंबईत विड्यांचे दुकान चालवत. १९३३ साली गुरुभेट झाल्यावर नावगाव, नातेगोते चिकटण्याआधीची नुसती ‘मी आहे’ ही जाणीव धरून राहण्याची साधना त्यांनी सुमारे तीन वर्षे केली. पुढे खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर त्यांची निरूपणे चालत. बोलणे मराठीत असे आणि परदेशी जिज्ञासूंसाठी दुभाषी बसत. या संप्रदायात नाम-ध्यानाच्या क्रमाक्रमाने जाणाऱ्या वाटेला पिपीलिका मार्ग आणि विचाराच्या थेट वाटेला विहंगम मार्ग म्हणतात.

४. नामस्मरण आणि भक्ती. वारकरी परंपरेत ज्ञान आणि भक्ती यांची फारकत नाही. ज्ञानेश्वरांनी हरिपाठही रचला आणि अमृतानुभवही. दासबोधात नवविधा भक्तीची शेवटची पायरी आत्मनिवेदन अशी सांगितली आहे. ‘मी’ कोण ते शोधून तो देवाला वाहणे म्हणजेच आत्मज्ञान. भावनाप्रधान स्वभावाच्या माणसाने रुक्ष विचाराच्या मागे न लागता इथून सुरुवात करावी.

निवड होत नसेल तर गीतेच्या १२ व्या अध्यायातली उतरती पायरी वापरता येते. मन थेट स्थिर होत नसेल तर अभ्यास, तोही जमत नसेल तर ईश्वरासाठी कर्म, आणि तेही अवघड वाटले तर निदान कर्मफलाचा त्याग. जी पायरी आज झेपते ती धरावी आणि निदान वर्षभर बदलू नये.

रोजचा अभ्यास कसा करावा

सकाळी अर्धा तास आणि रात्री पंधरा मिनिटे एवढे सुरुवातीला पुरे.

१. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ताठ पण सैल बसा. खुर्ची चालते.
२. पाच मिनिटे श्वास जसा चालला आहे तसा पाहा किंवा नाम घ्या. मन थोडे खाली बसते.
३. आता जे जे जाणवते ते ‘हे कळते आहे’ एवढ्यावरच सोडा. शेजारच्या घरातला मिक्सर कळतो, गुडघ्यातली कळ कळते, ‘आज गॅसचा नंबर लावायचा आहे’ हा विचारही कळतो.
४. मग लक्ष कळणाऱ्या गोष्टीवरून काढून, ज्याला हे कळते आहे त्याच्याकडे वळवा. तिथे काही दिसणार नाही. काही दिसलेच, तर तेही ‘कळलेले’ आहे, हे ओळखून पुन्हा वळा.
५. लक्ष सुटले की चिडू नका. सुटले हे ज्याला कळले, तिथूनच पुन्हा धरा.

खरा अभ्यास दिवसभरात होतो. समजा, कार्यालयात साहेबांनी चारचौघांत चूक काढली. रात्री जेवताना घास तोंडात आहे, पण मनात उत्तरे-प्रत्युत्तरे चालू आहेत. अशा वेळी विचारावे: हे कोणाला लागले? शरीराला तर काही झाले नाही. ‘मी कामात चोख’ ही जी प्रतिमा जपली होती, तिला ओरखडा पडला. ती प्रतिमाही आपल्याला कळते; म्हणजे आपण ती नव्हे. एवढे स्पष्ट दिसले की घोळणे बहुधा थांबते. दुसऱ्या दिवशी फाइलमधली चूक मात्र दुरुस्त करायचीच असते. आत्मविचाराने कर्तव्य रद्द होत नाही.

सकाळी जाग आल्यावरचे पहिले दोन-तीन क्षणही उपयोगाचे असतात. ‘गाढ झोप लागली, काही कळले नाही’ असे आपण सांगतो. झोपेत नाव, वय, चिंता यांपैकी काहीही नव्हते, तरी आपण नव्हतो असे कोणी म्हणत नाही. मांडूक्य उपनिषदाच्या अवघ्या १२ मंत्रांत जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांचा विचार करून तिन्हींना व्यापणाऱ्या ‘चतुर्था’कडे, म्हणजे तुरीयाकडे, नेले आहे. उठल्याबरोबर मोबाइल हातात घेण्याआधी ‘मी’ भोवती नाव आणि कामे कशी जमा होतात ते पाहावे.

वाचनाचा क्रम

सगळे एकदम वाचू नये. मराठी वाचकासाठी सोयीचा क्रम असा:

- आरंभी: दासबोधाचा ५ वा दशक. गुरू, शिष्य, बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध यांची लक्षणे एकाच ठिकाणी मिळतात.
- त्यानंतर: ज्ञानेश्वरीचे १२ आणि १३ हे अध्याय. तेराव्यात ज्ञानाची लक्षणे वागण्याच्या भाषेत विस्ताराने आली आहेत.
- पुढे: ‘तत्त्वबोध’ आणि ‘दृग्दृश्यविवेक’ ही छोटी प्रकरणे, शक्यतो शिक्षकाकडे.
- शेवटी: मांडूक्य कारिका आणि १० प्रकरणांचा अमृतानुभव. हे ग्रंथ घाईने वाचणाऱ्याला शब्दच हाती लागतात.

ज्ञानेश्वरीच्या ६ व्या अध्यायात कुंडलिनीचे सविस्तर वर्णन आहे. ते वाचून घरच्या घरी बंध, कुंभक यांचे प्रयोग सुरू करू नयेत.

गुरू निवडताना

मुंडकोपनिषद गुरूच्या दोन खुणा सांगते: तो श्रोत्रिय, म्हणजे शास्त्र जाणणारा, आणि ब्रह्मनिष्ठ असावा. पहिली खूण पारखता येते, दुसरी वागण्यावरून अजमावावी लागते. निर्णयाआधी निदान काही महिने जवळून पाहावे:

- घरच्या माणसांशी, नोकरचाकरांशी आणि विरोधकांशी त्यांचे वागणे कसे आहे?
- शंका विचारल्यावर उत्तर मिळते की ‘श्रद्धा कमी आहे’ असा ठपका?
- चमत्कार, भविष्य, नवससायास यांवर भर आहे का? रामदासांनी दासबोधात अशा करामती दाखवणाऱ्या गुरूंना स्पष्ट शब्दांत बाजूला काढले आहे.
- जुने शिष्य मोकळे, स्वावलंबी झालेले दिसतात की भेदरलेले?
- पैशांचा हिशेब उघड आहे का?

योग्य गुरू भेटेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. भागवताच्या ११ व्या स्कंधातील अवधूताने पृथ्वी, पाणी, मधमाशी यांसह २४ गुरू केले होते. नाम, वाचन आणि वर सांगितलेला अभ्यास कोणाच्याही परवानगीवाचून सुरू करता येतो.

घर सोडावे लागते का?

नाही. गुरूंच्या निधनानंतर निसर्गदत्त महाराजांनी १९३७ साली घर सोडून भटकंती सुरू केली होती. पुढच्या वर्षी ते मुंबईला परतले आणि अखेरपर्यंत संसारातच राहिले. वृद्ध आईवडील, लहान मुले किंवा फेडायचे कर्ज मागे टाकून घेतलेला संन्यास हा बहुतेक वेळा कंटाळा किंवा पळवाट असते. घरच्यांनीही एक समजून घ्यावे: रोजचा पाऊण तास मागणारा माणूस विरक्त होऊन निघून चाललेला नसतो. वेळ आधी ठरवून सांगितली की खटके कमी उडतात.

अडथळे आणि त्यांवर उपाय

सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त समाधीतले चार अडथळे सांगितले आहेत. ते नवशिक्यालाही रोज भेटतात.

- लय: बसले की डुलकी. उपाय: पुरेशी झोप, हलके जेवण, डोळे अर्धवट उघडे ठेवणे, चार पावले चालून पुन्हा बसणे.
- विक्षेप: मन सैरावैरा. उपाय: श्वास किंवा नाम यांचा आधार, आणि दिवसातला मोबाइलचा वापर कमी करणे.
- कषाय: मन ना झोपलेले ना भटकणारे, पण दबलेल्या वासनेने ताठरलेले. जुना अपमान, अपुरी इच्छा. उपाय: ती दडपू नका, ओळखा. गरज असेल तर संबंधित माणसाशी बोलून मोकळे व्हा.
- रसास्वाद: शांततेची गोडी लागणे. उपाय: ही शांतताही येणारी-जाणारी आहे, हे लक्षात ठेवून जाणणाऱ्याकडे वळणे.

याखेरीज तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, ‘सगळे ब्रह्मच आहे’ हे वाक्य जबाबदारी टाळायला वापरणे. दुसरी, स्वतःचे अनुभव गटात सांगत सुटणे. त्यातून स्पर्धा आणि नक्कल सुरू होते. तिसरी, सिद्धींच्या मागे लागणे. योगसूत्रांत पतंजलींनीच त्यांना समाधीतील विघ्ने म्हटले आहे.

अभ्यास थांबवून डॉक्टरांकडे केव्हा जावे

सलग काही रात्री झोप न लागणे, आदेश देणारे आवाज ऐकू येणे, आपण किंवा जग खोटे असल्याची सतत भीती वाटणे, आपण अवतार आहोत अशी खात्री होणे, जीव द्यावासा वाटणे, ही साधनेतली प्रगती समजू नये. दीर्घ ध्यान ताबडतोब थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. आधीपासून मानसिक आजाराची औषधे चालू असतील, तर कोणाच्याही सांगण्यावरून ती बंद करू नयेत आणि शिबिरात नाव नोंदवताना आजाराची माहिती द्यावी.

साधकाचे हक्क

- प्रश्न विचारण्याचा: गीतेच्या ४ थ्या अध्यायात ज्ञान मिळवण्यासाठी नमस्कार आणि सेवा यांच्या जोडीने परिप्रश्नही सांगितला आहे.
- सोडून जाण्याचा: गुरू किंवा संस्था सोडल्यास वाटोळे होईल अशी भीती घालणे हा दबाव आहे, तो मानण्याचे बंधन नाही.
- हिशेब मागण्याचा: देणगीची पावती घ्यावी. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावे लागतात आणि त्यांचे हिशेब तपासले जातात. गैरव्यवहाराची तक्रार तिथे करता येते. प्राप्तिकरात २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी.
- शरीराच्या सुरक्षिततेचा: एकांतात बोलावणे, स्पर्श, ‘शक्तिपाता’च्या नावाखाली लगट याला ठाम नकार द्यावा. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार अलौकिक शक्ती असल्याचे भासवून केलेली फसवणूक आणि लैंगिक शोषण हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करावी. तातडीची मदत ११२ क्रमांकावर मिळते.
- खासगीपणाचा: गुरूजवळ सांगितलेली घरगुती गोष्ट, शिबिरातले छायाचित्र किंवा ‘अनुभवकथन’ संमतीशिवाय वापरले जाऊ नये.

प्रगती कशी ओळखावी

ध्यानात काय दिसले यावरून नव्हे, तर वागण्यात काय बदलले यावरून. गीतेतील स्थितप्रज्ञाची (अध्याय २) आणि गुणातीताची (अध्याय १४) लक्षणे हीच मोजपट्टी. दर सहा महिन्यांनी स्वतःला विचारावे:

- राग आल्यावर सावरायला पूर्वीइतकाच वेळ लागतो का?
- स्तुती आणि निंदा यांनी मन किती हलते?
- स्वतःविषयी बोलण्याची हौस कमी झाली का?
- माणसांविषयीची आस्था वाढली की ‘माया’ म्हणून कोरडेपणा आला?
- अनुभव नसतानाही अभ्यास चालू राहतो का?

पहिल्या चारांची उत्तरे घरातल्या माणसाला विचारावीत. ती अधिक खरी निघतात.

‘मी शरीर-मन नव्हे’ हे एकदा लख्ख कळले तरी जुन्या सवयी लगेच सुटत नाहीत. म्हणूनच ‘जीवन्मुक्तिविवेका’त विद्यारण्यांनी तत्त्वज्ञान, वासनाक्षय आणि मनोनाश या तिन्हींचा अभ्यास एकत्र करायला सांगितले आहे. यांतल्या एकावरच भर दिला तर ज्ञान असूनही माणूस चिडका राहतो, किंवा शांत असूनही अज्ञानी. त्यामुळे स्पष्ट प्रचीती आल्यानंतरही रोजची बैठक, ग्रंथचिंतन आणि वागण्याची तपासणी चालू ठेवावी.